केळ्याची चकती आणि सहा सांध्यांचा हात

१९ एप्रिल २०२५ रोजी बीजिंगमध्ये माणसासारख्या दिसणाऱ्या रोबोंची अर्धमॅरेथॉन झाली. २१ रोबो सुरुवातीच्या रेषेवर उभे होते. एक सुरुवातीलाच आडवा झाला, एक कठड्यावर जाऊन आदळला. पण 'तियानगोंग अल्ट्रा' नावाच्या रोबोने मध्ये बॅटऱ्या बदलत २ तास ४० मिनिटांत २१ किलोमीटर पार केले. तो व्हिडिओ आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला आणि मावशीने खाली लिहिलं, "एवढा पळतोय मेला, मग आमच्या ह्यांना जेवायला घालायला काय होतं त्याला?"

काकांना अर्धांगवायू झाल्यापासून मावशी त्यांना तिन्ही त्रिकाळ भरवते. तिने थट्टेत विचारलं असेल, पण प्रश्न अगदी नेमका आहे. रोबो पळतो, नाचतो, कोलांट्या मारतो. मग माणसाच्या तोंडात घास द्यायला त्याला अजून का जमत नाही? रोबोटिक्सचे काही प्राध्यापक बरीच वर्षं एवढ्या एकाच प्रश्नामागे आहेत.

पळणं सोपं, भरवणं अवघड

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या हान्स मोराव्हेक यांनी १९८०च्या दशकात एक गंमत दाखवून दिली होती. आपल्याला जे अवघड वाटतं ते यंत्राला सोपं जातं आणि दोन वर्षांच्या पोराला जे सहज येतं ते यंत्राला महाकठीण जातं. १९९७ साली संगणकाने कास्पारोव्हला बुद्धिबळात हरवलं. त्या सामन्यात पटावरचे मोहरे उचलून ठेवायला संगणकाच्या वतीने एक माणूस बसवला होता!

पळण्यात क्रिया एकच असते आणि ती हजारो वेळा करायची असते. रस्ता कडक असतो, तो चुरगळत नाही, निसटत नाही. चुकलंच तर यंत्र स्वतः पडतं. भरवताना मात्र प्रत्येक घास वेगळा. पपईची फोड दाबली की पिचते, गाजर दाबलं तरी ढिम्म, द्राक्ष काटा लागताच पळतं. आणि प्रवासाच्या शेवटी समोर माणसाचा चेहरा असतो, त्याच्यावर जाऊन आदळण्याची सोय नाही.

हा हात कोणाचा?

या विषयात बराच काळ रमलेलं एक नाव म्हणजे प्रा. सिद्धार्थ श्रीनिवास. आयआयटी मद्रासमधून मेकॅनिकल इंजिनीअरिंग, मग कार्नेगी मेलनमध्ये पीएचडी आणि तिथेच अध्यापन. २०१७ मध्ये ते सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये आले. भरवणाऱ्या त्यांच्या यंत्राचं नाव 'असिस्टिव्ह डेक्स्ट्रस आर्म', म्हणजे मदतीला येणारा निपुण हात. त्याचं लघुरूप 'एडा'. मराठी कानाला हे नाव भलतंच लागतं, पण त्याला इलाज नाही.

एडाला तोंड नाही, पाय नाहीत. विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरच्या बाजूला बसवलेला सहा सांध्यांचा एक हात, टेबललॅम्पच्या वाकणाऱ्या दांडीसारखा. मनगटापाशी कॅमेरा, चिमटीत काटा. हा हात कॅनडाच्या किनोव्हा कंपनीचा. त्याचं 'जाको' हे नाव कंपनीच्या संस्थापकाच्या एका नातेवाईकावरून ठेवलेलं आहे. स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार असलेल्या त्या गृहस्थांनी स्वतःसाठी घरच्या घरी एक यांत्रिक हात जुळवला होता.

जेवू घालणारी यंत्रं याआधीही होती. ब्रिटनच्या कील विद्यापीठात माइक टॉपिंग यांनी १९८७ मध्ये सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या ११ वर्षांच्या एका मुलासाठी 'हँडी वन' केलं. जपानच्या सेकॉम कंपनीने २००२ मध्ये 'माय स्पून' आणला, अमेरिकेत २०१६ मध्ये 'ओबी' आला. ही कामाची यंत्रं आहेत, पण साधारणपणे त्यांची रीत डोळे झाकून वाटीत चमचा बुडवण्याची. ठरलेल्या कप्प्यात अन्न ठेवायचं, चमचा ठरलेल्या वाटेने कप्प्यात जाणार आणि ठरलेल्या जागी येऊन थांबणार. कप्प्यात काय आहे, किती उरलंय, खाणाऱ्याने मान कुठे वळवली, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. एडाचा प्रयत्न बघून घास उचलण्याचा आहे.

रिमोट हातात दिला की झालं ना?

पहिली शंका हीच येते. खाणाऱ्यालाच जॉयस्टिक द्या, तो हवा तसा हात फिरवेल.

जेसीबी चालताना आपण सगळ्यांनी उभं राहून बघितलेला आहे. ऑपरेटरच्या दोन्ही हातांत दांडे असतात आणि तो दोन्ही एकदम खेळवतो, म्हणून ते बकेट इतकं सफाईने फिरतं. आता त्याला एकच दांडा द्या. तोही हनुवटीने हलवायचा. वर-खाली करायचं असेल तर आधी बटण दाबून दांड्याचा अर्थ बदलायचा, बकेट वळवायचं तर पुन्हा बटण. यंत्राचा हात तीन दिशांना सरकतो आणि तीन प्रकारे वळतो, जॉयस्टिक मात्र एका वेळी दोन-तीनच गोष्टी सांगू शकते. श्रीनिवास यांच्या गटाने २०१६ मध्ये मोजून पाहिलं, तर कामाच्या एकूण वेळातला सहाव्या हिश्शाहून जास्त वेळ नुसता हे 'गिअर' बदलण्यात जात होता. तोही धडधाकट माणसांचा. मानेखाली हालचाल नसलेला माणूस हनुवटीने किंवा नळीत फुंकून-ओढून हे करणार, तेव्हा पहिला घास तोंडाशी येईपर्यंत भूक मरेल.

म्हणून कामाची वाटणी करायची. याला संशोधक 'शेअर्ड ऑटोनॉमी' म्हणतात, आपण 'वाटून घेतलेला ताबा' म्हणू. रिक्षात बसल्यावर आपण "पुढच्या चौकातून डावीकडे, त्या मेडिकलपाशी थांबवा" एवढंच सांगतो. क्लच, ब्रेक, खड्डा चुकवणं हे रिक्षावाल्याचं काम. तसंच इथे. फोनच्या स्क्रीनवर ताटाचं चित्र दिसतं, खाणारा त्यातली स्ट्रॉबेरी निवडतो. बोलून, तोंडाने चालवायच्या कळीने, जसं जमेल तसं. ती कशी उचलायची ते हात बघतो.

काट्याने टोचायचं, त्यात काय एवढं?

मीही असंच समजत होते. संशोधकांनी एक प्रयोग केला. माणसांना काटा देऊन एका पुतळ्याला भरवायला सांगितलं. काट्याच्या मुठीत बलमापक बसवला होता. बलमापक म्हणजे किती जोराने आणि कुठल्या दिशेने दाबलं जातंय ते क्षणोक्षणी टिपणारं उपकरण, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याला दिशाही कळायला लागली तर कसं होईल तसं. सोबत कॅमेऱ्यांनी हालचाली टिपल्या. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यात दिसलं की माणसं नुसतं टोचत नाहीत. सालीचं फळ असेल तर आधी काटा रोवण्यापुरता झटका देतात, पालेभाजीचं पान असेल तर काटा हलवत-हलवत आत घालतात. केळ्याची तर वेगळीच तऱ्हा. चकतीत काटा सरळ वरून खुपसला तर तो लोण्यात जावा तसा जातो, पण उचलला की चकती स्वतःच्या वजनाने घसरून परत ताटात. म्हणून काटा तिरका घालायचा आणि तिरकाच ठेवून उचलायचा, म्हणजे चकती दातांवर टेकून राहते. घरी करून बघा, बुळबुळीत पिकलेलं केळं घ्या. मी तीन चकत्या टेबलावर पाडल्यानंतर जमलं.

गाजराच्या लांब तुकड्यात आणखी एक मेख आहे. मधोमध टोचला तर उचलायला सोपा, पण तोंडाशी आल्यावर आडवा. चावायचं कुठून? म्हणून तो एका टोकाला टोचावा लागतो, दुसरं टोक ओठांकडे येईल असा. म्हणजे घास कसा द्यायचा हे तो उचलण्याआधीच ठरवावं लागतं. आपण पोळीचा तुकडा तोडतानाच त्यात किती भाजी मावेल याचा हिशोब केलेला असतो, तसंच हे.

पदार्थागणिक वेगळी युक्ती शिकवत बसलं तर जगातले पदार्थ संपायचे नाहीत. त्यामुळे २०२३ मध्ये या गटाने माणसांच्या असंख्य हालचाली गाळून काट्याच्या फक्त ११ हालचाली काढल्या आणि त्यांच्यावर जवळपास कुठलंही ताट निभावता येतं का ते पाहिलं. अनोळखी पदार्थ आला तर त्या ११ पैकी एखादी करून बघायची, फसली तर दुसरी. नवा फलंदाज पहिल्या दोन-चार चेंडूंत पिचचा अंदाज घेतो, तसं हे यंत्र एका जेवणात त्या पदार्थाचा अंदाज घेतं. प्रयोगांत ८० टक्क्यांहून जास्त वेळा घास उचलला गेला.

८० टक्के म्हणजे पाचातला एक घास गेलाच की!

गेलाच. पण हा आकडा संशोधकांनी आपल्या सोयीसाठी ठरवलेला नाही. घरी वापरायला निदान एवढं तरी हवं, ही अपेक्षा अशी यंत्रं वापरणाऱ्यांचीच होती. त्यांचं गणित वेगळं आहे. काटा रिकामा वर आला तर पुन्हा सांगायचं, अर्धं मिनिट वाया. मांडीवर सांडलं तर मात्र कोणाला तरी हाक मारावी लागते, आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती हाक मारायची वेळच तर टाळायची असते. त्यामुळे चुकांची नुसती संख्या पुरत नाही, चूक कुठल्या जातीची ते बघावं लागतं. निसटलेली स्ट्रॉबेरी माफ. कढत सूप नाही.

शेवटचं चार बोटं अंतर

आतापर्यंतची गोष्ट ताटाजवळची झाली. तोंडाजवळ ती बदलते. सिएटलचा हात ओठांच्या थोडा अलीकडे थांबतो, खाणारा मान पुढे करून घास घेतो. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की हात जागच्या जागी थांबतो, शिवाय खाणाऱ्याजवळ बंद करायचं बटण असतं.

पण ज्यांना मानही पुढे करता येत नाही त्यांचं काय? त्यांना घास जिभेपर्यंत न्यावा लागतो. सिएटलच्याच प्रयोगशाळेत काम केलेले आणि आता कॉर्नेल विद्यापीठात प्राध्यापक असलेले तपोमयुख भट्टाचार्जी यांनी हा भाग घेतला. काटा तोंडाशी आला की तोंडच झाकलं जातं, म्हणून त्यांच्या गटाने काट्याच्या वर एक आणि खाली एक असे दोन कॅमेरे लावले. खरी गोम पुढे आहे. काटा तोंडात असताना त्याला धक्का बसला, तर तो कशाचा? खाणाऱ्याने मुद्दाम दात लावले असतील, तर काटा स्थिर धरायचा. जीभ बाजूला ढकलत असेल, तर तिला वाट द्यायची. अचानक आचका आला असेल, तर काटा मऊ सोडून मागे घ्यायचा. तीन धक्के, तीन उत्तरं, आणि क्षणभरात ओळखायची. ज्याने आजारी माणसाला चमच्याने औषध पाजलंय त्याच्या बोटांना हे आपसूक कळतं. यंत्राला दाबाच्या आलेखांवरून शिकवावं लागलं. २०२४ मध्ये मांडलेल्या या कामाची चाचणी वेगवेगळे आजार असलेल्या १३ जणांनी घेतली, प्रयोगशाळेत, न्यूयॉर्कच्या एका वैद्यकीय केंद्रात आणि एकाच्या घरीही.

सगळं आपोआप झालं तर उत्तमच, नाही का?

या सगळ्या संशोधनातला मला सगळ्यात पटलेला भाग हा आहे.

गेल्या दिवाळीत मावशीला बरं नव्हतं, तेव्हा चार दिवस काकांना मी भरवलं. काका एसटीत कंडक्टर होते. पहिल्या दिवशी वरणभाताचा चमचा भरून मी त्यांच्या तोंडासमोर धरला आणि नेमकं तेव्हाच त्यांना घाटात बंद पडलेल्या एका गाडीची गोष्ट आठवली. मी चमचा धरून उभी. त्यांनी दोन वाक्यं बोलून चमच्याकडे बघितलं, गोष्ट सोडली आणि तोंड उघडलं. दुसऱ्या घासालाही तेच. तिसऱ्यानंतर ते बोललेच नाहीत. जेवण दहा मिनिटांत आटोपलं. मी मनात म्हटलं, छान जमलं. रात्री मावशी म्हणाली, "अगं, चमचा खाली ठेवायचा त्यांचं बोलणं होईतो. वर धरलास की त्यांना वाटतं तुला घाई आहे."

यंत्रालाही हीच अक्कल लागते. २०२० मध्ये श्रीनिवास-भट्टाचार्जी यांच्या गटाने हातांची हालचाल मर्यादित असलेल्या लोकांनाच विचारलं, यंत्र जितकं जास्त आपलं आपण करेल तितकं बरं का? उत्तर सरसकट 'हो' आलं नाही. कुठला घास, कधी, हे बऱ्याच जणांना स्वतःच्या ताब्यात हवं होतं. आणखी एक बारीक गोष्ट निघाली. एकट्याने जेवताना बोलून हुकूम देणं सोयीचं, पण चारचौघांत गप्पा चालू असताना मध्येच "पुढचा घास" असं यंत्राला मोठ्याने सांगणं कोणाला आवडेल? तिथे गुपचूप दाबायचं बटणच बरं.

२०२३ मध्ये अमल नानावटी आणि सहकाऱ्यांनी केवळ 'लोकांबरोबर जेवणं' याच विषयावर अभ्यास केला. त्यात टायलर श्रेंक सहसंशोधक होते. ते स्वतः मानेखाली हालचाल गमावलेले आणि अशा लोकांसाठी सहायक तंत्रज्ञानाची संस्था चालवणारे. त्याच वर्षी ते वारले. यंत्र ज्याच्यासाठी करायचं त्याला शेवटी चाचणीपुरता न बोलावता पहिल्यापासून टेबलावर घेणं, ही या गटाची रीत मला त्यांच्या ११ हालचालींपेक्षाही महत्त्वाची वाटते. हाताने समोरच्याचा चेहरा झाकू नये, मोटारीचा आवाज गप्पांवर येऊ नये, अशा गोष्टी इंजिनीअरला सुचत नाहीत. त्या रोज जेवणाऱ्याला सुचतात. पुढे एडाला प्रयोगशाळेबाहेर कॅफेटेरियात, ऑफिसात आणि एका घरी सलग पाच दिवस वापरून पाहिलं गेलं.

मग सांभाळणाऱ्या बाईंचं काम जाणार का?

नाही जाणार, निदान या यंत्राने नाही. ताट वाढणं, फोडी करणं, हात खुर्चीवर बसवणं, नंतर काटा धुणं, तोंड पुसणं, सगळं माणसालाच करावं लागतं. फरक इतकाच पडतो की घास चालू असताना त्या माणसाचे हात मोकळे असतात. मावशी काकांना भरवून झाल्यावर जेवते, म्हणजे गार झालेलं जेवते. गेली कित्येक वर्षं दोघं एका वेळी जेवलेले नाहीत.

आपल्याकडे कधी?

इतक्यात नाही. आणि अडचण काही फक्त पैशाची नाही, जरी जाकोसारखा एक हात घ्यायचा तर चांगल्या मोटारगाडीची किंमत पडते. हा हात विजेच्या व्हीलचेअरवर बसतो, तिच्या बॅटरीवर चालू शकतो. आपल्याकडे बहुतेकांच्या घरात असते ती घडीची, मागून ढकलायची 'हॉस्पिटलवाली' खुर्ची. मग हात लावायचा कशाला?

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांतल्या २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रात. त्यांच्या अडचणींची सुरुवात घासाच्याही आधी, दारातल्या पायरीपासून होते. म्हणून मला आयआयटी मद्रासच्या प्रा. सुजाता श्रीनिवासन यांनी धरलेला क्रम पटतो. त्यांच्या केंद्राने २०१९ मध्ये 'अराइज' ही उभं करणारी व्हीलचेअर आणली. तिच्यावर बसलेला माणूस स्वतः उभ्या स्थितीत येऊ शकतो, आणि तिची किंमत तेव्हा पंधरा हजारांच्या घरात होती. २०२२ मध्ये 'कदम' हा कृत्रिम गुडघा आला. यात कॅमेरा नाही, कृत्रिम बुद्धिमत्ता नाही. आहेत ते दांडे, स्प्रिंगा आणि भूमिती. पण खुर्ची ओबडधोबड वाटेवर चालली पाहिजे, बिघडली तर गावात दुरुस्त झाली पाहिजे, हा विचार त्यात आहे.

आणि पोळी-भाजी?

मावशीचा पुढचा प्रश्न हाच होता. कॉर्नेलच्या गटाने २०२४ मध्ये नूडल्स काट्यावर गुंडाळणं, मऊ पदार्थ चमच्याने घेणं, एक पदार्थ दुसऱ्यात बुडवणं इथवर मजल मारली आहे. त्यामुळे वरणभात आवाक्यात आहे असं म्हणायला हरकत नाही. पोळी मात्र वेगळी गोष्ट.

त्या रात्री जेवताना मी स्वतःच्या उजव्या हाताकडे नीट बघितलं. करंगळी आणि अनामिका पोळी ताटात दाबून धरतात. अंगठा आणि तर्जनी कडेपासून तुकडा ओढतात, मधलं बोट तो फाटायची रेघ ठरवतं. तुकडा सुटला की त्याच तीन बोटांत त्याची होडी होते, होडी भाजीवरून सरकते, बटाट्याची फोड आत येते, अंगठा ती दाबतो. हे सगळं एका हाताने, गप्पा मारताना, ताटाकडे न बघता. जाकोच्या हाताला जास्तीत जास्त तीन बोटं असतात.

मी मावशीला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "थांब जरा, ह्यांचा घास राहिलाय," आणि फोन ओट्यावर ठेवला. मागून काकांचा आवाज येत होता. घाटातली ती गाडी अजून सुरू झाली नव्हती.